दुसऱ्या कपाचं मूल्यमापन

शनिवार, ११ जानेवारी

आज सभेत जे झालं ते क्रमाने:

१. अण्णांनी आमच्या वक्तृत्व मंडळात दुसरं भाषण केलं. विषय त्यांनीच निवडलेला: ‘दोन कप’.

२. मूल्यमापक मी होते, त्यांचीच मुलगी. कामांची वाटणी डिसेंबरातच झाली होती, त्यात माझी निवड नव्हती.

३. भाषणाचा सारांश: सकाळी हात आपोआप दोन कप चहा टाकतात. दुसरा कप ओट्यावर गार होतो आणि सिंकमध्ये जातो. आई गेल्यापासून तीन वर्षं असं चाललं. “आता दुसरा कप कुणीतरी पितं,” असं म्हणून ते खाली बसले.

४. मी उठून दोन चांगल्या गोष्टी सांगितल्या: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. हात खिशात गेले नाहीत.

५. सुधारणा एकच सांगायची असते. मी अण्णांना म्हटलं, “उद्धवराव, ‘कुणीतरी’ हा शब्द मोघम आहे. कोण, ते सांगा. आणि भाषणाला शेवट नाही. ऐकणाऱ्याकडून तुम्हाला काय हवं आहे, ते सांगितल्याशिवाय खाली बसू नये.”

६. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. नानासाहेबांना मोठा खोकला आला, मग सगळ्यांनी एकदम वाजवल्या.

७. अण्णा नियमाप्रमाणे ‘आभारी आहे’ एवढंच म्हणाले. मूल्यमापनाला उत्तर द्यायचं नसतं.

८. स्कूटरवरून घरी येताना आम्ही बोललो नाही. त्यात नवीन काही नाही.

कंपनीत एखादा भाग नापास झाला की अहवालात आधी फक्त काय झालं ते लिहायचं, कारण नंतर. इथे नापास काय झालं तेच मला सांगता येत नाही. पण काहीतरी झालं. मंजुषाताई एरवी माझ्या मूल्यमापनानंतर मान डोलावतात. आज त्या खाली वाकून पिशवी नीट लावत होत्या.

दुसरा कप बहुधा वॉचमन पीत असेल. किसन.


रविवार, १२ जानेवारी

मंडळ चालवणारे रविराज म्हणतात, रोज पाच ओळी लिहा, भाषणाला माल मिळतो. मला भाषण करायचं नसतं, पण लिहायला हरकत नाही.

मी मंडळात आले ती कंपनीमुळे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी मापन विभागात आहे. गेल्या वर्षी ग्राहकाची माणसं तपासणीला आली तेव्हा मी आकडे सांगितले आणि थांबले. नंतर साहेब म्हणाले, “आकडे बरोबर होते. पण तू असं सांगितलंस, जणू आमच्यावर खटला भरतेस.” म्हणून मंडळ. दर शनिवारी संध्याकाळी, तळवड्यात, रविराज यांच्या हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. जिन्यात पीव्हीसीचे पाइप उभे असतात, अंग चोरून वर जावं लागतं.

इथे माझ्या लक्षात आलं की दुसऱ्याच्या भाषणाचं मूल्यमापन मला जमतं. स्वतःचं भाषण नको, मूल्यमापन द्या, असं मी सांगून टाकलं. रविराज मला ‘आमचं मापन खातं’ म्हणतात.

अण्णा आले ते माझ्यामुळे नाही, गॅरेजमुळे. ऑगस्टात माझी स्कूटर दुरुस्तीला होती. अण्णांनी त्यांच्या गाडीवर सोडलं आणि खाली थांबण्याऐवजी मागच्या खुर्चीवर येऊन बसले. पुढच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मला आवडलं नाही. ही एक जागा माझी होती. पण सभासद कोणीही होऊ शकतं, तसा नियमच आहे.

दुसरा नियम रविराज यांचा स्वतःचा: नाती खाली चपलांपाशी काढून ठेवायची. त्यांचा सख्खा भाऊ इथे ‘भिमाजीराव’ असतो. म्हणून अण्णा उद्धवराव आणि मी विजयश्रीताई. पहिल्यांदा अण्णांनी मला तसं म्हटलं तेव्हा ते इतके गंभीर होते की मला हसता आलं नाही.

घरी आम्ही कमी बोलतो. भांडण नाही. अण्णांच्या भोसरीच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी असायची, माझी शाळा रविवारी बंद. बारावीपर्यंत आमची सुट्टी एका दिवशी आलीच नाही, फक्त दिवाळी सोडून. त्यांचा निरोप आई मला सांगायची, माझा त्यांना. आई गेल्यावर निरोप्या राहिला नाही. आता ते निवृत्त आहेत, मी सकाळी साडेसहाच्या कंपनीच्या बसने जाते.


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. कंपनीला सुट्टी नाही.

सकाळी डबा भरत होते. अण्णांनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं, “शेवट म्हणजे कसा पाहिजे?”

“कशाचा?”

“भाषणाचा. तू म्हणलीस ना.”

मी सांगितलं, “ऐकणाऱ्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं, ते एका वाक्यात. मतदान करा, झाडं लावा, काहीही. ते नसेल तर नुसती माहिती होते.”

“अन् ऐकणाऱ्यानं नाही म्हणलं तर?”

“भाषणात प्रश्नोत्तरं नसतात, अण्णा.”

“हां,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “घरी असतात पण.”

माझी बस निघणार होती. मी गेले.

आज त्यांचा दापोडीचा दिवस. दर मंगळवार-शुक्रवार ते गुडघ्याच्या फिजिओथेरपीला जातात. आमच्या मोशीतच दोन ठिकाणी फिजिओ आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं आहे. ते म्हणाले, “तिकडच्या बाई चांगल्या आहेत.” गुडघ्यात फरक दिसत नाही. पण एकदाही चुकवत नाहीत, ही चांगली गोष्ट.

संध्याकाळी घरी आले तर आईचा स्टीलचा थर्मास धुऊन उपडा ठेवला होता. टेबलावर तिळाच्या लाडवांचा डबा. अण्णांना पाक करता येत नाही. विचारलं, तर म्हणाले, “दिले एकानं.”

लाडू चांगले होते. पाक नेमका.


शनिवार, १८ जानेवारी

आज दोन गोष्टी झाल्या. पहिली सभेतली.

मंजुषाताईंचं भाषण होतं. त्या एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायच्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. दापोडीत एकट्या राहतात. बोलायला उभ्या राहिल्या की हॉल आपोआप ताठ बसतो. रविराज तर एकदा खरंच उठून उभे राहिले होते. म्हणाले, “मला वाटलं माझी गाडी लागली, राव.”

आजचा विषय त्यांची केबिन. तिथल्या पंख्याचा आवाज माइकमध्ये जायचा म्हणून मे महिन्यातसुद्धा पंखा बंद ठेवून घोषणा करायची, हे त्यांनी छान सांगितलं. पण त्या प्रत्येक महत्त्वाचं वाक्य तीनदा म्हणतात. मी सुधारणा तीच सांगितली: “मंजुषाताई, एकदा सांगितलेलं लोकांना कळतं. पुन्हा पुन्हा सांगितल्याने वाक्याचं वजन जातं.” त्यांनी मान डोलावली, “आभारी आहे” म्हणाल्या.

चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. “तुमचं बरोबर आहे. सवय आहे हो मला. गाडी लागली की एकदा, कंडक्टर चढला की एकदा आणि सुटायच्या आधी एकदा. पहिल्या वेळी कुणी पाण्याची बाटली भरत असतं, दुसऱ्या वेळी पोराला शोधत असतं. एकदाच सांगून टाकलं की कुणाची तरी गाडी चुकते.”

मी म्हटलं, “इथे कुणी पाणी भरत नसतं.”

“नसतं का?” त्या म्हणाल्या आणि हसल्या.

दुसरी गोष्ट जिन्यातली. अण्णा गाडी काढायला पुढे गेले होते. मोनिका माझ्याबरोबर होती. ती तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये आहे, मंडळात मी जिच्याशी बोलते अशी ती एकच.

“विजू, एक विचारू? तुला खरंच कळलं नाही, की तू नाटक करतेस?”

“काय?”

“उद्धवकाकांचा दुसरा कप.”

“वॉचमन पितो बहुतेक. किसन.”

मोनिका पाइपांना धरून हसायला लागली. मग माझ्याकडे बघून थांबली. “अगं, गेल्या शनिवारी काकांचा थर्मास कुणाच्या पायाशी होता? तू समोर उभी होतीस. पूर्ण हॉलला दिसत होता. आणि तू म्हणालीस, ‘कोण, ते सांगा.’ मला तर जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तुझ्यासाठी नाही, त्या दोघांसाठी.”

मी म्हटलं, “पुरावा म्हणून एक थर्मास पुरत नाही.”

ती म्हणाली, “बरं बाई. मग मंगळवारी, शुक्रवारी काका कुठे जातात?”

मी जिना उतरले. खाली अण्णा हेल्मेट हातात धरून उभे होते. माझं हेल्मेट.


रविवार, १९ जानेवारी

कारणाचा रकाना.

दापोडी. गुडघा. थर्मास. लाडू. ‘तिकडच्या बाई चांगल्या आहेत.’ सगळं माझ्यासमोर होतं आणि मी प्रत्येक गोष्ट वेगळी मोजली.

राग कशाचा आहे ते नीट लिहून पाहते. त्यांनी कुणाबरोबर चहा प्यावा हा माझा प्रश्न नाही. माणसं उतारवयात लग्न करतात, आमच्या कंपनीतल्या एकाच्या वडिलांनी केलं, मी स्वतः त्याला सांगितलं होतं की चांगलं झालं. मग?

एक: सगळ्या हॉलला माहीत होतं आणि मला नव्हतं. अण्णांनी ते मला घरी सांगितलं नाही, पंधरा माणसांसमोर सांगितलं.

दोन: तो कप आईचा होता. तीन वर्षं मी रोज सकाळी डबा भरताना तो ओट्यावर बघत आले. मी त्याबद्दल कधी बोलले नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही. मला वाटायचं, आई गेल्याचं दुःख आम्ही दोघं एकाच पद्धतीने करतो, न बोलता. तेवढं एक आमचं सामाईक होतं. आता तोच कप थर्मासात भरून दापोडीला जातो.

हे वाचून मला माझीच लाज वाटते. पण हे खरं आहे.


बुधवार, २२ जानेवारी

आज जेवताना मी म्हटलं, “अण्णा, मंजुषाताईंचं मला कळलं. मला त्यावर बोलायचं नाही.”

त्यांचा घास हातात होता. म्हणाले, “बरं.”

भाजीत मीठ कमी होतं, ते त्यांनी उठून आणलं. मलाही वाढलं.

वाक्य स्पष्ट होतं, मोघम नव्हतं. तरी काहीतरी चुकलं असं वाटतं आहे.


शुक्रवार, २४ जानेवारी

अण्णा दापोडीला गेले नाहीत. म्हणाले, “गुडघा आता बरा आहे.”

संध्याकाळी लिफ्ट बंद होती. चार मजले कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले. थर्मास कपाटात वरच्या फळीवर गेला आहे, जिथे आपण न लागणारी भांडी ठेवतो.


शनिवार, २५ जानेवारी

सभेला गेले नाही. ओव्हरटाइम आहे असं सांगितलं. नव्हता. कंपनीत बसून पास झालेले भाग पुन्हा मोजत राहिले. सगळे पुन्हा पास झाले.

अण्णाही गेले नाहीत. घरी आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंद होता.


रविवार, २६ जानेवारी

आमच्या सोसायटीचं झेंडावंदन. पाहुणे म्हणून नानासाहेब. ही इमारत त्यांच्या ज्वारीच्या रानावर उभी आहे, म्हणून दरवर्षी त्यांनाच बोलावतात. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टच्या भाषणांसाठीच ते मंडळात येतात. महिनाभर त्यांनी सात मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं, मीच दोनदा तपासलं होतं. झेंडा फडकला आणि ते सगळं विसरले. माइकसमोर उभे राहून म्हणाले, “मंडळी, या जागी आमी बैल बांधायचो. आता तुमी ऱ्हाताय. नीट ऱ्हावा, येकमेकाला धरून ऱ्हावा. जय हिंद.” खाली उतरले. इतक्या टाळ्या इथे कधी वाजल्या नाहीत.

नंतर लाडू खाताना माझ्याशेजारी येऊन बसले. “काय, मापन खातं? पास का नापास?”

“शेवट चांगला होता,” मी म्हटलं.

“व्हय ना? तुझंच ध्यानात ठेवलं. काय पायजे ते सांगून खाली बसायचं.” लाडवाचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला. “काल आली न्हाईस. तुझा बाप बी न्हाई.”

“काम होतं.”

“मंजुषाबाई चालल्या, कळलं का? खोली सोडत्यात. देवरुखाला भावाकडं. पुढच्या शनिवारी निरोपाचं भाषण हाय म्हनं.”

मी हातातला लाडू कागदावर ठेवला.

“मला आपलं येक नवल वाटतं बग,” नानासाहेब म्हणाले. “बोलायला शिकवायचं मंडळ. येकजण मोशीत गप, येकजण दापोडीत गप. आन तू तर पयल्यापास्नंच गप. रविराजला सांगतो, फी परत दे म्हनावं.”

ते उठून गेले. मी अण्णांकडे पाहिलं. ते खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. कुणी सांगितलं नव्हतं.


शनिवार, १ फेब्रुवारी

सभेला गेले. अण्णांना विचारलं, येताय का. म्हणाले, “वाटणीत माझं नाव आहे. जावं लागंल.” वाटणीत काय आहे ते मी पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते तिथे पोचल्यावर, फळ्यावर. भाषण: मंजुषाताई. मूल्यमापक: उद्धवराव. डिसेंबरात ठरलेलं. रविराज हळूच माझ्यापाशी येऊन म्हणाले, “ताई, बदलू का? तुम्ही करता?” मी अण्णांकडे पाहिलं. ते फळ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, “नको. वाटणी आहे तशी राहू द्या.” का म्हटलं ते मला आत्ताही सांगता येत नाही.

मंजुषाताईंचं भाषण छोटं झालं. स्टँडवरून निवृत्त झाल्यावर घरात आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटायचा, म्हणून मंडळात आले, असं म्हणाल्या. इथे तो ऐकणारी माणसं मिळाली. कुणाचं नाव घेतलं नाही. मग म्हणाल्या, “येत्या पंधरा तारखेला मी दापोडी सोडून देवरुखला भावाकडे राहायला जाणार आहे.” थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “विजयश्रीताईंनी सांगितलंय, एकदाच सांगायचं. एकदाच सांगितलं.” आणि बसल्या.

लोक हसले. मी हसले नाही.

अण्णा उठले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. हात खिशात नव्हते.

“मंजुषाताई,” ते म्हणाले. “चांगल्या गोष्टी दोन. पहिली, आवाज. मी कैक वर्षं सणावाराला गेवराईच्या गाडीसाठी तुमच्या स्टँडवर उभा राहिलो. सोबत बायको असायची, पोरगी असायची. गाडी कधी वेळेवर लागली नाही. पण तुमचा आवाज आला की बायको म्हणायची, चला, उचला पिशव्या, आता खरं. म्हणजे तुमच्या आवाजावर आमच्या घरचा भरवसा होता.

“दुसरी, तुम्ही कुणाला बोल लावला नाही. लावता आला असता.”

मग त्यांनी एकदा फळ्याकडे पाहिलं. वेळ दाखवायचं कार्ड रविराज यांच्या हातात होतं. त्यांनी ते उलटं करून मांडीवर ठेवलं.

“सुधारणा एक,” अण्णा म्हणाले. “गाडी सुटायच्या आधी तीनदा सांगायची असते. तुम्ही एकदाच सांगितलं. कुणाची तरी चुकंल.”

ते बसले.

मंजुषाताईंना उठावं लागलं. “आभारी आहे,” म्हणाल्या. आवाज स्टँडवरचा नव्हता, मागच्या रांगेपर्यंत गेला नसेल. खाली बसल्या आणि थोड्या वेळाने बसल्या-बसल्याच पुन्हा म्हणाल्या, “आभारी आहे.” ते नियमात बसत नाही.

दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहत होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मूल्यमापन म्हणून बघायचं तर अण्णांचं काम निर्दोष होतं. दोन चांगल्या, एक सुधारणा, मोघम काही नाही. मी वर्षभरात असं एक केलेलं नाही.


रविवार, २ फेब्रुवारी

आज सुट्टी, त्यामुळे बसची घाई नव्हती. स्वयंपाकघरात गेले तर अण्णा चहा टाकत होते. एकच कप.

“दुसरा?” मी विचारलं.

“आता कामून?”

मी खुर्ची ओढून बसले. बसल्यावर लक्षात आलं की या टेबलाशी सकाळी मी कधी बसत नाही.

“अण्णा, तो कप आईचा होता.”

त्यांनी गॅस बारीक केला. “आईचा?”

“तीन वर्षं रोज बघतेय मी.”

“तुझी आई माझ्या आधी तासभर उठायची. स्वतःचा चहा करून, पिऊन, कप धुऊन मोकळी. तिचा चहा मी जन्मात केला नाही.” हे त्यांनी तक्रार केल्यासारखं नाही सांगितलं, नुसतं सांगितलं. “तो तुझा होता.”

“मी चहा पीत नाही.”

“माहीत आहे की.”

“मग टाकत कशाला होता?”

त्यांनी ओटा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. “तू उठायची, डबा भरायची अन् बसला पळायची. म्हणलं, असू द्यावा. एखाद्या दिवशी बस चुकली, तर बसंल.”

चहा वर आला. त्यांनी तो उतरवला नाही, मीच उठून गॅस बंद केला.

“मंजुषाताईंना काय सांगितलं होतंत?”

“काय सांगणार. पहिल्यांदा थर्मास नेला तेव्हा त्यांनी विचारलं, हा कुणाच्या वाटचा? म्हणलं, पोरीच्या. तर म्हणल्या, मग मला अर्धाच द्या.” फडकं त्यांनी पिळून नळावर टाकलं. “तेव्हापासून अर्धाच पितात. उरलेला मी परत आणायचो.”

म्हणजे थर्मास रिकामा कधी यायचाच नाही. मी तो फक्त धुतल्यावर पाहिला.

“लग्न करायचं आहे का तुम्हाला?” मी विचारलं. असं विचारायला मला दोन आठवडे लागले.

“तुला चालंल तरच.”

“आणि नाही चाललं तर?”

“तर गुडघा बरा आहे,” अण्णा म्हणाले.

त्यांनी चहा कपात गाळला. मी त्यांच्या हातातून कप घेतला आणि दुसऱ्या कपात अर्धा ओतला. अर्धा प्यायले. साखर जास्त होती. सुधारणा सांगितली नाही.

आम्ही बराच वेळ बसलो. फार बोललो असं नाही. ते म्हणाले, गेवराईला जाताना एसटीत मी नेहमी खिडकीशी बसायचे आणि फलाटांचे आकडे मोठ्याने वाचायचे. मला ते आठवत नाही. त्यांना कसं आठवतं, असं विचारलं, तर म्हणाले, “दिवाळीला सुट्टी असायची ना मला.”


मंगळवार, ४ फेब्रुवारी

अण्णांनी अजून मंजुषाताईंना विचारलेलं नाही. थर्मास खाली काढून ठेवला आहे, पण भरत नाहीत. म्हणतात, त्यांचं सामान बांधून झालं असंल, आता मधे बोलणं बरं दिसत नाही. काल तेच पुन्हा म्हणाले. मला दिसतं आहे की हे असंच पंधरा तारखेपर्यंत चालेल.

मोनिकाला फोन केला. ती म्हणाली, “तू बोल. तू सभेत अख्ख्या हॉलला बोलतेस.” मी म्हटलं, मी फक्त दुसऱ्याने बोलून झाल्यावर बोलते. ती म्हणाली, “मग झालं की बोलून दोघांचं. आता तुझाच नंबर.”

मंजुषाताईंना मेसेज करायचा. इथे आधी कच्चा लिहिते, मग पाठवते.

मंजुषाताई, नमस्कार.

१. ‘एकदाच सांगा’ ही मी तुम्हाला केलेली सूचना चुकीची होती. ती मागे घेते.

२. ११ जानेवारीला मी भर सभेत ‘कोण, ते सांगा’ म्हटलं. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल, त्याबद्दल माफ करा.

३. अण्णांना तुम्हाला काही विचारायचं आहे. ते माझ्यामुळे थांबले आहेत. माझी हरकत होती. आता नाही. हे तुम्हाला त्यांच्याकडून नाही, माझ्याकडून कळावं असं वाटलं.

४. तुमचं उत्तर काय असावं हे मी सुचवत नाही. देवरुखचं ठरलं असेल, तर तसंही असू दे. पण जाण्याआधी एकदा घरी या. येत्या रविवारी, ९ तारखेला सकाळी, मोशीला. अण्णा चहा करतील. तीन कप टाकायला सांगते. तुमचा पूर्ण असेल. अर्धा मी घेते.

दापोडीहून सकाळी बस उशिरा असते, म्हणून मी स्कूटरवर न्यायला येईन. आमच्याकडे रविवारचा ओव्हरटाइम शुक्रवारी संध्याकाळी ठरतो, त्याआधी मला नाही म्हणून सांगावं लागेल.

तेव्हा येणार की नाही, ते शुक्रवार, ७ तारखेपर्यंत कळवा.

विजयश्री